कंपनी खरी, भाव खोटा

मागच्या लेखात आपण पतपेढीतील ठेवींविषयी बोललो होतो. तो विषय पुरा झालेला नाही, पण मध्येच एका भगिनीचे पत्र आले आणि ते बाजूला ठेववेना. प्रश्न एका घराचा असला तरी आज तो पुष्कळ घरांतून विचारला जात आहे. म्हणून यावेळी त्याच पत्राला उत्तर देतो.

पत्र लिहिणाऱ्या ताई महानगरपालिकेच्या दवाखान्यात परिचारिका आहेत. त्यांचे मिस्टर नुकतेच कारखान्यातून निवृत्त झाले. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून १८ लाख रुपये हाती आले. मुलगा पुण्याला संगणक कंपनीत नोकरीला आहे, धाकटी मुलगी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुलगा म्हणतो, "आई, बँकेत ठेवून काय होणार? जगात जे काही चालते ते चारदोन सॉफ्टवेअर कंपन्यांच्या जोरावर. त्यांच्याशिवाय कोणाचे पान हलत नाही. सगळे पैसे त्यांच्या शेअरमध्ये टाकू. आत्ता घेतले नाहीत तर पुन्हा ही संधी नाही." ताईंनी शेवटी लिहिले आहे, "भाऊ, मुलगा शिकलेला आहे, त्याचे म्हणणे चुकीचे वाटत नाही. पण हात धजत नाही. हीच वेळ आहे का, एवढेच सांगा."

ताई, आधी एक गोष्ट सांगतो. तुमचा हात धजत नाही, हा काही तुमचा अडाणीपणा नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या मागे शेताचा तुकडा नाही, वाडवडिलांचे दुकान नाही. पस्तीस-चाळीस वर्षे पाळी करून साठलेला फंड हीच आपली जमीन. ती एकदाच मिळते. त्यामुळे ती कोठे पेरायची हे विचारून घेण्यात लाजण्यासारखे काही नाही.

आता भाचेबुवांच्या म्हणण्याकडे येऊ. त्यांच्या बोलण्यात दोन वाक्ये एकमेकांना चिकटली आहेत. पहिले, या कंपन्या बलाढ्य आहेत. दुसरे, म्हणून त्यांचे शेअर आत्ता घ्यावेत. पहिले वाक्य खरे असले म्हणून दुसरे आपोआप खरे ठरत नाही. हे समजून घ्यायला एकाच कंपनीची गोष्ट पुरेशी आहे. तिचे नाव मायक्रोसॉफ्ट.

पन्नास हजार डॉलरची खरेदी

बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन या दोन तरुणांनी १९७५ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात ही कंपनी काढली. १९८० मध्ये आयबीएम ही त्या काळची सर्वात मोठी संगणक कंपनी घरगुती संगणक काढण्याच्या तयारीत होती. यंत्र तयार होत होते, पण ते चालवणारी मूळ आज्ञावली हवी होती. ते काम मायक्रोसॉफ्टने घेतले. खरे तर तशी आज्ञावली तिच्याजवळही नव्हती. सिएटलमधील एका छोट्या कंपनीने एक तयार केली होती. मायक्रोसॉफ्टने आधी तिचा परवाना घेतला आणि १९८१ च्या जुलैमध्ये सुमारे ५० हजार डॉलर देऊन ती कायमची विकत घेतली. तीच पुढे डॉस नावाने जगभर गेली.

खरी मेख व्यवहारात नव्हती, करारात होती. आयबीएमला ही आज्ञावली वापरायला दिली, पण दुसऱ्यांनाही विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे ठेवला. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा संगणक बाजारात आला. दोन-तीन वर्षांत कॉम्पॅक आणि इतर कंपन्यांनी तसेच संगणक बनवायला सुरुवात केली. यंत्र कोणाचेही असो, आतली आज्ञावली मायक्रोसॉफ्टचीच. यंत्रे विकणारे आपसात भांडून भाव पाडत राहिले आणि आज्ञावलीचा पैसा प्रत्येक यंत्रामागे एकाच गल्ल्यात पडत राहिला.

सॉफ्टवेअरच्या धंद्याचे हे वैशिष्ट्य आहे. साबणाच्या कारखान्याला दुसरी वडी काढायला पहिलीइतकाच माल लागतो. आज्ञावलीची पहिली प्रत तयार करायला कोट्यवधी खर्च येतो, पण दुसरी प्रत जवळजवळ फुकट निघते. म्हणून जो एकदा पुढे गेला, त्याचा नफा विक्रीपेक्षाही वेगाने वाढतो.

सवय हीच साखळी

दुसरे कारण सवयीचे. ज्यांनी टायपिंगची सरकारी परीक्षा दिली आहे त्यांना हे सांगायला नको. बोटे एका कळफलकावर बसली की दुसऱ्या मांडणीचे यंत्र फुकट दिले तरी नको वाटते. कचेरीत सगळे त्याच पद्धतीचे, क्लासात तेच शिकवतात, म्हणून नवा मुलगाही तेच शिकतो.

आपल्या मराठी छपाईतही हा अनुभव अनेकांनी घेतला आहे. संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाली तेव्हा कोणाकडे पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, तर कोणाकडे सी-डॅकची प्रणाली. एका ठिकाणी जुळवलेला मजकूर दुसऱ्या छापखान्यात उघडला की पडद्यावर अक्षरांचा नुसता चिवडा! मग ज्याच्याकडे काम द्यायचे त्याच्याजवळ जे असेल तेच आपणही घ्यायचे, हाच व्यवहार झाला. सर्वांना चालणारी युनिकोडची पद्धत आली, २००० सालच्या विंडोजमध्ये देवनागरीची सोय झाली, तेव्हा ही साखळी हळूहळू सैल होऊ लागली.

जगाच्या बाजारात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. लोक विंडोज घेत, कारण सर्व कार्यक्रम तिच्यावर चालत. कार्यक्रम लिहिणारे विंडोजसाठीच लिहीत, कारण गिऱ्हाईक तिथेच होते. १९९० मध्ये विंडोजची तिसरी आवृत्ती आली आणि ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५. दशक संपता संपता जगातल्या घरगुती संगणकांपैकी शंभरातील नव्वदाहून अधिक संगणकांवर विंडोज होती. मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने या कंपनीवर मक्तेदारीचा गैरवापर केल्याचा खटला भरला. नोव्हेंबर १९९९ मध्ये न्यायाधीशांनी आपल्या निष्कर्षांत ही मक्तेदारी आहे असे स्पष्ट लिहिले.

म्हणजे पाहा, ही कंपनी बलाढ्य आहे हे ओळखायला कोणाला ज्योतिषाची गरज उरली नव्हती. ते न्यायालयाच्याच कागदावर होते.

एक कंपनी, दोन गिऱ्हाईके

आता शेअरचे पाहू. १३ मार्च १९८६ रोजी मायक्रोसॉफ्टचा शेअर प्रथम बाजारात आला. किंमत २१ डॉलर. पुढे २००३ पर्यंत कंपनीने नऊ वेळा शेअरची विभागणी केली. कधी एकाचे दोन, कधी दोनाचे तीन. हिशेब केला तर १९८६ च्या एका शेअरचे २८८ शेअर झाले. आपल्याकडील इन्फोसिसचे उदाहरण अनेकांना ठाऊक असेल. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या या कंपनीचा शेअर फेब्रुवारी १९९३ मध्ये ९५ रुपयांना विक्रीस आला, तेव्हा तो पुरता खपलासुद्धा नाही. पुढील बोनस आणि विभागणी धरली तर त्या एकाचे २०१८ पर्यंत १,०२४ शेअर झाले.

असे आकडे ऐकले की आपल्याला वाटते, अरेरे, आपण कुठे होतो! पण थांबा. दुसऱ्या गिऱ्हाईकाकडेही पाहू.

डिसेंबर १९९९ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टचा शेअर शिखरावर होता. आजच्या विभागणीच्या हिशेबाने सुमारे ५९ डॉलर. खटल्याचा निकाल विरुद्ध गेल्याचे एप्रिल २००० मध्ये जाहीर झाले. त्यातच एकूण बाजारही कोसळला. २००० साल संपताना शेअर २१-२२ डॉलरवर आला. मार्च २००९ मध्ये तो सुमारे १५ डॉलर होता. शिखरावर ज्याने १०० डॉलर घातले, त्याच्या हातात नऊ वर्षांनी जेमतेम २५-२६ डॉलरचे शेअर होते. शेअर पुन्हा १९९९ च्या शिखरापर्यंत पोचायला ऑक्टोबर २०१६ उजाडले. मधल्या काळात मिळालेला लाभांश धरला तर थोडा दिलासा मिळतो, पण सतरा वर्षे म्हणजे काय? त्या वर्षी जन्मलेले मूल दहावी होऊन कॉलेजात जाते.

आणि त्याच मार्च २००९ मध्ये, त्याच १५ डॉलरच्या भावाला, १९८६ मध्ये २१ डॉलर घालणाऱ्याजवळ चार हजारांहून अधिक डॉलरचे शेअर होते. कंपनी एक, दिवस एक, भाव एक. एक गिऱ्हाईक हसत होते आणि एक कपाळाला हात लावून बसले होते. फरक फक्त विकत घेतलेल्या भावाचा.

गाळा किती लाखांचा?

कोणी म्हणेल, कंपनीच बुडत चालली असेल. अजिबात नाही. जून २००० अखेरच्या वर्षात मायक्रोसॉफ्टचा निव्वळ नफा होता सुमारे ९४२ कोटी डॉलर. जून २०१० अखेरच्या वर्षात तो झाला सुमारे १,८७६ कोटी डॉलर. दहा वर्षांत नफा दुप्पट! आणि शेअर? त्याच काळात ४० डॉलरवरून २३ डॉलरवर.

हे कोडे स्वयंपाकघरातल्या हिशेबाने सुटते. समजा, तुमच्या वस्तीत एक किराणा दुकान आहे. त्याला वर्षाला एक लाख रुपये निव्वळ नफा होतो. मालक ते दहा लाखांना विकतो म्हणाला तर तुम्ही विचार कराल. तोच मालक सत्तर-पंचाहत्तर लाख मागू लागला तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल, दुकान कितीही चांगले चालत असले तरी. १९९९ च्या अखेरीस लोक मायक्रोसॉफ्टसाठी तिच्या वार्षिक नफ्याच्या सत्तर पटींहून अधिक किंमत मोजत होते. २०१० मध्ये तीच कंपनी नफ्याच्या दहा-अकरा पटींना मिळत होती, तेव्हा मात्र कोणी तिच्याकडे ढुंकून पाहत नव्हते. पहिल्या वेळी सर्वांना कंपनी आवडत होती, म्हणून भाव फुगला होता. दुसऱ्या वेळी कंपनी कंटाळवाणी वाटत होती, म्हणून भाव उतरला होता.

थोडक्यात काय, तर आपण कंपनी विकत घेत नसतो, कंपनी आणि भाव दोन्ही मिळून विकत घेत असतो. सगळ्या जगाला ठाऊक असलेला मोठेपणा भावात आधीच धरलेला असतो. भाचेबुवांना जे आज दिसते आहे, ते मुंबईच्या आणि न्यूयॉर्कच्या दलालांनाही दिसते आहे.

राजा कायम राजा राहत नाही

दुसरी गोष्ट. १९८६ मध्ये मायक्रोसॉफ्टच निवडावी हे कोणाला कळणार होते? त्या वर्षी लोटस या कंपनीची विक्री मायक्रोसॉफ्टपेक्षा जास्त होती. आकडेमोडीसाठी लोटस, नोंदी ठेवण्यासाठी अ‍ॅश्टन-टेटचे डीबेस, लेखनासाठी वर्डपरफेक्ट, अशी त्या काळची मोठी नावे. आपल्याकडच्या संगणक क्लासांच्या पाट्यांवरही हीच नावे असत. पुढे काय झाले? अ‍ॅश्टन-टेट १९९१ मध्ये विकली गेली. वर्डपरफेक्ट १९९४ मध्ये एकीकडे आणि १९९६ मध्ये दुसरीकडे गेली. लोटस १९९५ मध्ये आयबीएमने घेतली. इंटरनेट पाहण्याच्या आज्ञावलीत नेटस्केप पहिली होती. ऑगस्ट १९९५ मध्ये तिचा २८ डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी ५८ च्या वर बंद झाला. मायक्रोसॉफ्टने तशीच आज्ञावली विंडोजबरोबर फुकट द्यायला सुरुवात केली आणि तीन-साडेतीन वर्षांत नेटस्केपला दुसऱ्या कंपनीच्या आश्रयाला जावे लागले.

खुद्द मायक्रोसॉफ्टही यातून सुटली नाही. २००७ मध्ये आयफोन आला, पुढच्या वर्षी अँड्रॉइडचा फोन आला. संगणकाचा राजा मोबाइलच्या बाजारात मागे पडला. २०१४ मध्ये तिने नोकियाचा फोनचा धंदा घेतला आणि २०१५ मध्ये त्यापोटी सुमारे ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले. त्याच सुमारास, फेब्रुवारी २०१४ मध्ये, हैदराबादचे सत्या नडेला प्रमुख झाले. कंपनीचे दिवस पालटले ते मोठमोठी संगणक केंद्रे उभारून भाड्याने देण्याच्या नव्या धंद्यामुळे. २०१९ मध्ये कंपनीचे बाजारमूल्य एक लाख कोटी डॉलरच्या वर गेले. १९९९ मध्ये विंडोजकडे पाहून शेअर घेणाऱ्याच्या स्वप्नातही हा धंदा नव्हता. त्याला तारले ते त्याने ज्यावर भरवसा ठेवला होता त्याने नव्हे.

वेळ कोणाला साधते?

मग भाव खाली येईपर्यंत थांबावे आणि मग घ्यावे, असे कोणी म्हणेल. बोलायला सोपे आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी डिसेंबर १९९६ मध्येच बाजाराच्या उतावीळपणाविषयी इशारा दिला होता. तेव्हा तांत्रिक कंपन्यांचा नॅस्डॅक निर्देशांक १,३०० च्या आसपास होता. इशारा ऐकून जे बाहेर पडले, ते पुढची तीन वर्षे शेजाऱ्यांची श्रीमंती बघत बसले, कारण १० मार्च २००० रोजी तोच निर्देशांक ५,०४८ वर गेला. त्यानंतर मात्र ऑक्टोबर २००२ पर्यंत तो १,११४ वर आला. शंभराचे बावीस झाले. पुन्हा ५,०४८ दिसायला २०१५ उजाडले.

या बाजारात मुरलेली माणसेही फसली. ज्युलियन रॉबर्टसन नावाच्या नामांकित गुंतवणूकदाराने महाग तांत्रिक शेअर घ्यायला नकार दिला. गिऱ्हाईके पैसे काढून घेऊ लागली आणि मार्च २००० मध्ये त्याने आपला फंड बंद केला, नेमक्या त्याच महिन्यात जेव्हा फुगा फुटला. दुसरा, स्टॅन्ली ड्रकनमिलर. तो त्याच सुमारास हे शेअर धरून होता. त्याला मोठे नुकसान सोसावे लागले आणि एप्रिलमध्ये त्याने सोरोस यांच्या फंडाचे काम सोडले. एकाचे अनुमान बरोबर, पण वेळ चुकली. दुसऱ्याची दोन्ही चुकली. दिवसरात्र हेच काम करणाऱ्यांची ही कथा, तर पाळी करून घरी आल्यावर मोबाइलवर भाव पाहणाऱ्याने वेळ साधण्याची किती आशा धरावी? सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, वायदे व्यवहार करणाऱ्या दर शंभर सामान्य व्यक्तींपैकी ९३ जणांना तीन वर्षांत तोटाच झाल्याचे आढळले होते.

आपल्या मुंबईतले दिवस

आपल्याकडेही ते वारे आले होते. १९९९-२००० मध्ये नावात सॉफ्टवेअर किंवा डॉट कॉम असले की शेअर चढत असे. आमच्या कचेरीत तेव्हा डबा खाताना दुसरा विषयच नसे. मीही सोसायटीचे कर्ज काढून एका कंपनीचे शेअर घेतले. कंपनी काय बनवते हे मला सांगता आले नसते, भाव मात्र तोंडपाठ. वर्षभरात त्या कागदांची किंमत रद्दीइतकी झाली, आणि कर्जाचा हप्ता मात्र पुढे तीन वर्षे पगारातून कापला जात होता. घरात कोणी काही बोलले नाही. ते न बोलणेच जास्त लागले.

मार्च २००१ मध्ये केतन पारेख प्रकरण बाहेर आले. त्यात अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक कोसळली. जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टने आपल्या यूएस-६४ योजनेतून पैसे काढणे सहा महिने थांबवले. ही योजना म्हणजे पोस्टासारखी, असे समजून कित्येक निवृत्तांनी त्यात फंड ठेवला होता. ज्यांनी जन्मात शेअरचे नाव घेतले नव्हते, त्यांच्याही घरात ती झळ पोचली. आज २०२३ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेचे नवे वारे आले आहे. त्यातून मोठ्या कंपन्या उभ्या राहणार नाहीत असे मी म्हणत नाही. इंटरनेटनेही जग बदललेच. पण जग बदलले म्हणून २००० साली कोणत्याही भावाला घेणाऱ्याचा फायदा झाला नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

तर मग करावे काय?

ताई, आता तुमच्या घरापुरते.

पहिले, मुलीच्या शिक्षणाचे उरलेले पैसे, घरातले दुखणे-भाणे आणि वर्षभराचा घरखर्च एवढी रक्कम आधी बाजूला काढा. जी रक्कम पाच-सात वर्षांत लागणार आहे ती शेअरमध्ये जाता कामा नये. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीत सतरा वर्षे थांबावे लागले, आणि कॉलेजची फी सतरा वर्षे थांबत नाही.

दुसरे, मिस्टरांचे वय साठ झाले असेल तर पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. दर तिमाहीस व्याज हातात येते. पगार बंद झालेल्या घराला त्याचा आधार मोठा. फंडाचा मोठा भाग तेथे असावा.

तिसरी गोष्ट भाचेबुवांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. त्यांचा पगार संगणकाच्या धंद्यातून येतो. घराचे कर्ज काढले असेल तर त्याचा हप्ता त्याच पगारातून जातो. आता आईवडिलांचा फंडही त्याच धंद्यात घातला, तर घराचे चारही खांब एकाच जमिनीवर उभे राहतील. २००१ मध्ये या धंद्यात शेअरही पडले आणि नोकऱ्याही गेल्या, दोन्ही एकाच वेळी. ज्या दिवशी मुलाला आईच्या पैशांची गरज लागेल, नेमक्या त्याच दिवशी ते पैसे निम्मे झालेले असतील. ज्या धंद्यात आपली भाकरी आहे, त्याच धंद्यात आपली शिदोरी ठेवू नये.

चौथे, शेअरच नकोत असेही माझे म्हणणे नाही. महागाई नुसत्या ठेवीला कुरतडते, हे खरे आहे. जी रक्कम दहा-पंधरा वर्षे लागणार नाही आणि निम्मी झाली तरी घराची झोप उडणार नाही, तेवढी घालावी. एका कंपनीत नको, अनेक कंपन्या एकत्र असलेल्या निर्देशांक फंडात, आणि एकदम नको, दरमहा थोडी थोडी. समजा, दरमहा हजार रुपये घातले. पहिल्या महिन्यात भाव १००, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात २५, चौथ्यात पुन्हा ५०. तुम्हाला मिळतील १०, २०, ४० आणि २०, एकूण ९० भाग. घातले ४,००० रुपये, किंमत झाली ४,५००. भाव पहिल्या दिवसाच्या निम्माच आहे, तरी तोटा नाही. वेळ साधता येत नाही, म्हणून वेळ वाटून घ्यायची, एवढेच यातले तत्त्व. मात्र ही युक्ती एकाच बुडत्या कंपनीत वापरली तर ते भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतणे होय.

पाचवे, परदेशी शेअर घ्यायचेच झाले तर मुलाने आपल्या पगारातून घ्यावेत. डॉलरचा भाव, दलालाची फी, दोन देशांचे कर यांचा हिशेब आधी कागदावर मांडावा. आणि कर्ज काढून तर कधीच नाही. हे वाक्य मी तीन वर्षे हप्ते भरून शिकलो आहे.

ताई, मुलाला रागावू नका. तो आळशी नाही, घराचे भले व्हावे म्हणूनच बोलतो आहे. त्याला जवळ बसवा, कागद-पेन द्या आणि एकच प्रश्न विचारा. "बाळा, ही कंपनी चांगली आहे हे मला पटले. पण एक रुपया नफ्यासाठी ते आपल्याकडून किती रुपये मागताहेत?" त्याचे उत्तर तो शोधून आणेल तर तो बाजार शिकायला लागला असे समजा. उत्तर न शोधता "पण संधी जाईल" असे म्हणाला, तर फंडाचे पासबुक कपाटात ठेवा आणि चहा टाका. संधी पुन्हा येते. १९९९ नंतर त्याच कंपनीचा शेअर तेव्हाच्या निम्म्याहून कमी भावाला कितीतरी वर्षे मिळत होता. चाळीस वर्षांच्या कष्टाचा फंड मात्र पुन्हा येत नाही.

पुढील लेखात पतपेढीच्या ठेवींचा राहिलेला भाग पुरा करू. ज्यांची ठेव अडकली आहे त्यांनी पावतीची प्रत जवळ ठेवून पत्र लिहावे. मूळ पावती कोणालाही पाठवू नये.